छावणीतले नाटक आणि त्याचा प्रेक्षक : सार्त्रच्या ‘बारिओना’चा इतिहास

१

युद्धकैद्यांच्या छावणीवरील नाटक म्हटले की एक ठरीव रचना नजरेसमोर येते. काटेरी तारा, पहारेकऱ्यांचे मनोरे, बराकीतील टोळकी, भुयार खणण्याचे बेत आणि आपल्यातच दडलेल्या फितुराचा शोध. डॉनल्ड बेव्हन आणि एडमंड ट्रझिन्स्की या दोन माजी युद्धकैद्यांनी लिहिलेले ‘स्टालाग १७’ हे नाटक १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि १९५३ मध्ये बिली वाइल्डरने त्याचा चित्रपट केला, तेव्हापासून ही रचना लोकप्रिय कल्पनेत पक्की रुजली. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, झाँ रन्वारच्या ‘ला ग्रांद इल्यूझियों’ या चित्रपटाने पहिल्या महायुद्धातील छावणीच्या निमित्ताने वर्ग आणि राष्ट्र यांतील ताण उभे केले होते. या चित्रपटात कैदी स्वतः एक गमतीचा रंगमंचीय कार्यक्रम बसवतात, हा तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. छावणी हा नाटकाचा विषय होण्यापूर्वी नाटक ही छावणीतील जीवनाची एक गरज होती, याची रन्वारला जाण होती.

या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे. छावणीवरचे नाटक मुक्त प्रेक्षकांसमोर होते. त्या प्रेक्षकांना युद्धाचा शेवट ठाऊक असतो आणि प्रयोग संपल्यावर ते घरी जातात. छावणीतले नाटक पाहणाऱ्यांना प्रयोगानंतर पुन्हा बराकीतच जायचे असते. त्याची संहिता शत्रूच्या परवानगीने उभी राहते आणि त्याचा अर्थ शत्रूला कळू नये अशी अपेक्षा असते. नाटक म्हणजे छापील संहिता, या गृहीतावर चालणाऱ्या समीक्षेला या दुसऱ्या प्रकाराची नीट दखल घेता आलेली नाही. ज्याँ-पॉल सार्त्रने १९४० च्या नाताळात ट्रियर येथील छावणीत लिहिलेले आणि सादर केलेले ‘बारिओना’ हे नाटक या अडचणीचे ठळक उदाहरण होय. विसाव्या शतकातील एका प्रमुख नाटककाराचे हे पहिले सादर झालेले नाटक त्याने स्वतः अनेक वर्षे प्रकाशात येऊ दिले नाही. ज्या रात्रीने त्याला नाटककार केले, त्या रात्रीच्या संहितेपासून तो दूर का राहिला, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचा जितका आहे तितकाच नाट्यसिद्धांताचाही आहे.

२

सप्टेंबर १९३९ मध्ये सार्त्रला लष्करात बोलावले गेले तेव्हा ‘ला नोझे’ या कादंबरीचा लेखक म्हणून त्याचे नाव झालेले होते. त्याची नेमणूक तोफखान्याच्या हवामान विभागात झाली. हवेत फुगे सोडून वाऱ्याची दिशा नोंदवणे एवढेच काम असल्याने उरलेला वेळ तो लिहिण्यात घालवी. मे १९४० मध्ये जर्मन आक्रमण सुरू झाले आणि अवघ्या सहा आठवड्यांत फ्रान्सचा पाडाव झाला. २१ जून रोजी, म्हणजे आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, सार्त्र व्होज भागातील पादू या गावी पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी युद्धविरामाच्या करारावर सह्या झाल्या. त्या उन्हाळ्यात सुमारे १८ लाख फ्रेंच सैनिक जर्मनांच्या हाती सापडले. यांतील बहुसंख्यांना युद्धविराम झाल्यावर आपण घरी जाऊ असे वाटत होते, पण त्यांना रेल्वेच्या डब्यांत भरून जर्मनीत नेण्यात आले. सार्त्रची रवानगी ट्रियर शहरावरील टेकडीवर वसलेल्या ‘स्टालाग १२ डी’ या छावणीत झाली.

या छावणीतील सामाजिक रचना ध्यानात घेतल्याशिवाय ‘बारिओना’चा विचार करता येत नाही. फ्रान्समध्ये धर्मगुरूंनाही सैन्यात भरती व्हावे लागे, त्यामुळे युद्धकैद्यांत पाद्री पुष्कळ होते. निरीश्वरवादी सार्त्रची सर्वांत गाढ मैत्री जमली ती त्यांच्याशीच. मारिउस पेरँ या पाद्र्याच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून या सहवासाचे चित्र मिळते. सार्त्र या मंडळींना हायडेगरचे तत्त्वज्ञान समजावून देत असे. पुढे तो कलावंतांच्या बराकीत राहू लागला. छावणीत कार्यक्रम बसवणारे नट, गायक आणि वादक तेथे एकत्र राहत.

छावणीत करमणूक होती, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. १९२९ च्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांच्या बौद्धिक आणि क्रीडाविषयक उपक्रमांना शक्य तितके उत्तेजन द्यावे असे कलमच होते. शिवाय रिकामे हात आणि रिकामे मन यांचा धोका छावणीचे अधिकारी ओळखून होते. नाटकाला मिळणारी परवानगी ही एकाच वेळी कायद्याची पूर्तता होती आणि बंदोबस्ताची युक्तीही होती. छावणीतील प्रत्येक प्रयोगामागे हा दुहेरीपणा असे. कैद्याला नाटक हे स्वातंत्र्याचा अवशेष वाटे, तर अधिकाऱ्याला ते शांतता राखण्याचे साधन वाटे. दोघांचेही खरे होते. ‘बारिओना’ लिहिले गेले ते या दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या जागेत.

नाताळ जवळ आला तेव्हा पाद्री मित्रांच्या आणि इतर कैद्यांच्या साथीने ख्रिस्तजन्माचे नाटक करायचे ठरले. सार्त्रने संहिता लिहिली, प्रयोग बसवला आणि पूर्वेकडून आलेल्या तीन राजांपैकी बाल्थाझारची भूमिका स्वतः केली. विषयाची निवड कोणत्याही अधिकाऱ्याला निरुपद्रवी वाटावी अशीच होती. नाताळात ख्रिस्तजन्माचे नाटक करणारे कैदी कोणत्या उठावाची तयारी करणार?

३

नाटकाचे कथानक बायबलच्या कडेकडेने जाते. बेथलेहेमजवळच्या बेथॉर नावाच्या दरिद्री खेड्यावर रोमन सत्तेने डोईपट्टी वाढवली आहे. तरुण माणसे गाव सोडून गेली आहेत आणि मागे म्हातारे उरले आहेत. गावचा प्रमुख बारिओना रोमन अधिकाऱ्यापुढे नमतो, पण त्याच वेळी एक भयंकर निर्णय घेतो. पट्टी भरायची, मात्र यापुढे गावात मूल जन्माला घालायचे नाही. डोईच उरली नाही तर डोईपट्टी कोणावर बसवणार? हा निर्णय जाहीर होताच त्याची पत्नी सारा आपण गर्भवती असल्याचे सांगते. बारिओना मागे हटत नाही. एवढ्यात मसीहा जन्मल्याची वार्ता येते आणि गावकरी बेथलेहेमकडे धाव घेतात. आशा ही गुलामांना गुलामीत टिकवून धरणारी गुंगी आहे असे मानणारा बारिओना त्या अर्भकाचा गळा दाबण्यासाठी निघतो. गोठ्याच्या दाराशी त्याला बाळाकडे पाहणाऱ्या योसेफाचे डोळे दिसतात आणि त्याचा हात थांबतो. बाल्थाझार त्याच्याशी बोलतो. मग बाळाला मारायला सैनिक निघाले आहेत असे कळते. बारिओना गावकऱ्यांना घेऊन त्यांना अडवायला उभा राहतो. आपण मरणार हे त्याला ठाऊक असते, तरी तो आनंदाने मरणाला सामोरा जातो.

रोमन म्हणजे जर्मन आणि बेथॉर म्हणजे फ्रान्स, हे समीकरण प्रेक्षकांपैकी कोणालाही समजण्यासारखे होते. नाटक रूपकात्मक होते आणि पॅलेस्टाइनवरील रोमन ताब्याचा अर्थ कैद्यांना उघड होता, असे सार्त्रने पुढे सांगितले आहे. परंतु रूपकाची ही कोष्टकासारखी उकल म्हणजे नाटकाचा सगळा अर्थ नव्हे. नाटकातील खरा वाद रोमन आणि ज्यू यांच्यात चालत नाही. तो निराशा आणि आशा यांच्यात, आणि तोही पराभूतांच्या गोटात चालतो. बारिओना भित्रा नाही. त्याचा नकार स्वाभिमानातून आलेला आहे. जगच वाईट आहे, तर त्यात नवा जीव आणायचा नाही, हा त्याचा युक्तिवाद तर्काने खोडता येत नाही. पराभवानंतरच्या सहाव्या महिन्यात तारेमागे बसलेल्या माणसांना हा युक्तिवाद परका वाटण्याचे कारण नव्हते.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ‘बारिओना’ला सरळ प्रतिकाराचे नाटक ठरवणारे अभ्यासक तिच्याकडे सहसा पाहत नाहीत. फ्रान्समध्ये सत्तेवर आलेल्या मार्शल पेताँने २० जून १९४० च्या भाषणात पराभवाच्या कारणांत मुलांची कमतरता मोजली होती. व्हिशी सरकारच्या प्रचारात कुटुंब, मातृत्व आणि दुःखाची प्रायश्चित्त म्हणून महती हे नेहमीचे विषय होते. मग मूल जन्माला घालावे, दुःख स्वीकारावे, आशा धरावी असे सांगणारे नाटक त्याच वर्षीच्या डिसेंबरात पेताँच्या सुरात सूर मिसळते आहे, असे एखाद्या कैद्याला वाटले नसेल काय? शब्दांच्या पातळीवर ही शक्यता नाकारता येत नाही.

तिचे उत्तर बाल्थाझारच्या युक्तिवादात आहे. व्हिशीच्या भाषेत दुःख हे पापाचे फळ असते. ते सोसून शुद्ध व्हायचे असते आणि म्हणून सत्तेपुढे वाकायचे असते. बाल्थाझार दुःखाला असा कोणताही अर्थ देत नाही. त्याच्या मते दुःख ही एक वस्तुस्थिती आहे आणि माणूस तिच्याहून नेहमी काही अधिक असतो. दगड जेथे पडला तेथेच असतो, माणूस मात्र आपल्या स्थितीच्या पलीकडे नजर टाकतो, आणि दुःखाला कोणता अर्थ द्यायचा हे तोच ठरवतो. १९४३ मधील ‘लेत्र ए ल नेआँ’ या ग्रंथात सार्त्रने मांडलेला स्वातंत्र्याचा विचार येथे एका राजाच्या वेषात प्रथम लोकांसमोर बोलला. पेताँच्या दुःखाने माणूस गुडघे टेकतो आणि बाल्थाझारच्या दुःखाने तो उठून उभा राहतो. दोघांचे शब्द जवळजवळ सारखे असले तरी त्यांची दिशा उलट आहे. ही दिशा शेवटच्या प्रवेशातील कृतीमुळेच ठरते, कारण आशेचे पर्यवसान तेथे प्रार्थनेत न होता लढाईत होते.

आणखी एक बाब नोंदवायला हवी. ३ ऑक्टोबर १९४० रोजी व्हिशी सरकारने ज्यूंना सरकारी नोकऱ्या आणि अनेक व्यवसाय यांतून वगळणारा कायदा केला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत जर्मन छावणीतील रंगमंचावर एक ज्यू गावप्रमुख परकीय सत्तेविरुद्ध लढणारा नायक म्हणून उभा राहतो. नाताळच्या कथेचे आवरण नसते तर हे अशक्य होते. तथापि या गोष्टीचे श्रेय मर्यादेतच द्यावे लागेल. नाटकातील ज्यू फ्रेंचांच्या जागी उभे आहेत, स्वतःच्या जागी नव्हेत. खुद्द ज्यूंवर त्या क्षणी काय ओढवत होते, याचा नाटकात शब्दही नाही.

४

मिथ्यकथेच्या आडून बोलण्याचा हा मार्ग मराठी वाचकाला नवा नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा कीचकात कर्झन आणि सैरंध्रीत पारतंत्र्यातील देश पाहायला प्रेक्षकांना कोणी शिकवावे लागले नाही. महाभारतातील कथा असल्याने तक्रारीला जागा नाही, हे गृहीत काही काळ टिकले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. दोन नाटकांची तुलना येथे उपयोगी पडते ती साम्यापेक्षा भेदासाठी. ‘कीचकवधा’चा अर्थ सरकारपर्यंत पोचला, कारण तो नाट्यगृहाबाहेर आला होता. टाळ्या, चर्चा आणि वृत्तपत्रे यांनी तो सार्वजनिक केला होता. ‘बारिओना’चा अर्थ तारेच्या आतच राहिला. ज्यांना तो कळला त्यांना बोलायला दुसरी जागा नव्हती, आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या दृष्टीने तो नाताळचा एक कार्यक्रम होता.

यातून एक निष्कर्ष निघतो. रूपकाला आपण मुखवटा म्हणतो तेव्हा त्यामागे एक निश्चित चेहरा आहे आणि तो लेखकाने लपवला आहे असे सुचवतो. प्रत्यक्षात मुखवटा आणि चेहरा यांचे नाते ठरवतो तो प्रेक्षक. एकच संवाद पहारेकरी आणि कैदी एकाच वेळी ऐकतात, पण त्या दोघांची परिस्थिती भिन्न असल्याने त्यांच्यापुरते दोन स्वतंत्र संवाद तयार होतात. अभिग्रहणाच्या सिद्धांताने वाचकाच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना मांडली. ‘बारिओना’च्या बाबतीत हे क्षितिज वाङ्मयीन संकेतांनी घडलेले नव्हते, ते अक्षरशः काटेरी तारांनी आखलेले होते.

सार्त्रला याची पूर्ण जाणीव होती, हे संहितेच्या चौकटीतच दिसते. नाटकाची सुरुवात चित्रे दाखवून गोष्ट सांगणाऱ्या एका निवेदकाने होते आणि हा चित्रे दाखवणारा माणूस आंधळा आहे. चित्रकथीची परंपरा माहीत असणाऱ्याला ही योजना चटकन उमगेल. चित्र, गोष्ट सांगणारा आवाज आणि समोर बसलेला समाज या तिघांच्या मेळातून कथा उभी राहते. येथे सांगणाराच आंधळा असल्याने चित्र पाहण्याचे काम संपूर्णपणे प्रेक्षकांवर येते. शेवटी तर कथेची चौकटच मोडली जाते. बारिओना समोर बसलेल्या कैद्यांनाच उद्देशून बोलतो, हा नाताळचा खेळ तुमच्यासाठी लिहिला होता असे सांगतो आणि त्यांच्या वाट्यालाही आनंद आहे असा विश्वास देतो. इतका वेळ पॅलेस्टाइन असलेले ठिकाण त्या क्षणी ट्रियर होते.

५

सार्त्रवर या रात्रीचा परिणाम दूरगामी झाला. आपल्या अंगी नाटककाराचे गुण असल्याचा शोध त्याने सिमोन द बोव्हारला पत्रातून कळवला. १९४६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका निबंधात त्याने या प्रयोगाची आठवण सांगितली आहे. आपल्याच सोबत्यांशी, त्यांच्याच कैदेविषयी रंगमंचावरून बोलताना त्याने त्यांची एकाग्र शांतता अनुभवली, आणि रंगभूमी ही मूलतः एक सामूहिक, जवळजवळ धार्मिक घटना असायला हवी असे त्याला जाणवले. मार्च १९४१ च्या अखेरीस डोळ्याच्या दोषाचा आधार घेऊन आणि बनावट कागदपत्र दाखवून तो छावणीतून सुटला.

पॅरिसमध्ये त्याने पुन्हा तोच मार्ग धरला. ग्रीक मिथ्यकथेवर आधारलेले ‘ले मूश’ हे नाटक जून १९४३ मध्ये शार्ल द्युलँने रंगमंचावर आणले. पण परिस्थिती बदललेली होती. संहिता जर्मन सेन्सॉरकडून संमत करून घ्यावी लागली. ज्या नाट्यगृहात प्रयोग झाला, त्याला असलेले सारा बर्नहार्टचे नाव ती ज्यू वंशाची म्हणून काढून टाकण्यात आले होते. प्रेक्षागृहात प्रतिकार करणारे, तडजोड करणारे, उदासीन असलेले आणि जर्मन अधिकारी असे सगळेच बसत. छावणीत प्रेक्षक एकाच स्थितीत होते, पॅरिसमध्ये तसे नव्हते. ‘ले मूश’ हे खरोखर प्रतिकाराचे नाटक होते का, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या वादाचे मूळ संहितेपेक्षा या विखुरलेल्या प्रेक्षकात आहे. मिथ्यकथेचा मुखवटा तोच असला तरी त्यामागचा चेहरा ओळखणारा एकसंध समाज उरला नव्हता. पुढच्या वर्षी आलेल्या ‘वी क्लो’मधील बंद खोली आणि सतत दुसऱ्याच्या नजरेखाली जगण्याची यातना यांतही बराकीतील जीवनाची छाया दिसते. छावणीतील जवळिकीने त्याला बंधुभाव जसा दाखवला, तसाच एकांताचा अभावही दाखवला होता.

मग ‘बारिओना’ मागे का राहिले? लांबलचक युक्तिवादांमुळे ते सार्त्रला सदोष वाटे, हे एक कारण. संहिता पाहता ते खोटे म्हणता येत नाही. बाल्थाझारची भाषणे रंगमंचापेक्षा व्याख्यानपीठाला अधिक शोभतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. छावणीबाहेर पडताच नाटकाला वेगळा वाचक मिळाला. मरिया आपल्या बाळाकडे पाहते त्या क्षणाचे नाटकातील वर्णन श्रद्धाळूंना इतके भावले की ते सुटे करून वाचले जाऊ लागले, आणि सार्त्रचा कैदेत काही काळ देवावर विश्वास बसला होता की काय अशी कुजबुज सुरू झाली. १९६२ मध्ये विक्रीसाठी नसलेल्या मोजक्या प्रती छापायला त्याने संमती दिली, तेव्हा जोडलेल्या टिपणात त्याला स्पष्ट करावे लागले की ख्रिस्तपुराणातील विषय घेतल्याने आपल्या विचारांची दिशा क्षणभरही बदलली नव्हती. त्या नाताळात श्रद्धावान आणि अश्रद्ध अशा सर्वांना एकत्र आणू शकेल असा विषय हवा होता, एवढेच. सर्वांच्या हाती संहिता आली ती १९७० मध्ये, मिशेल काँता आणि मिशेल रिबाल्का यांनी सिद्ध केलेल्या सार्त्रच्या लेखनसूचीच्या ग्रंथात.

सार्त्रच्या या अंतराय राखण्याला केवळ कलात्मक संकोच म्हणणे अपुरे ठरेल. नाटकातील ‘तुम्ही’ हे सर्वनाम ट्रियरच्या टेकडीवरील कैद्यांसाठी होते. छापील पानावर ते सर्वनाम कोणालाही लागू पडते आणि म्हणूनच नेमके कोणालाही लागू पडत नाही. कैद्यांच्या जागी भाविक वाचक आला की लढाईचे नाटक भक्तीचे होते, आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यासक आला की ते एका मोठ्या ग्रंथाचा कच्चा मसुदा ठरते. या वाचनांना संहितेत आधार सापडतो, पण त्या रात्री बराकीत ऐकल्या गेलेल्या नाटकाशी त्यांचा संबंध नाही.

‘स्टालाग १७’सारखी नाटके छावणीचा इतिहास सांगतात. ‘बारिओना’ स्वतःच त्या इतिहासाचा एक भाग आहे. म्हणून त्याचे मूल्यमापन करताना संहितेतील दोषांची यादी पुरेशी होत नाही. नाट्यवाङ्मयाच्या इतिहासाला येथे संहितेबरोबर प्रेक्षकाचाही इतिहास लिहावा लागेल. तो प्रेक्षक कोणत्या महिन्यात, कोणाच्या परवानगीने, कोणत्या तारेच्या आत बसला होता आणि प्रयोग संपल्यावर कोठे परत गेला, हे सांगावे लागेल. छावणीतील कैद्यांनी त्या नाताळात जे नाटक पाहिले ते पुन्हा कधीच झाले नाही. उरली ती संहिता, आणि सार्त्र अखेरपर्यंत तिच्याविषयी साशंक राहिला यात त्या प्रेक्षकांचा मानच होता.